बाबांनी कपडे फेकले नव्हते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही, थेरपिस्टलाही नाही — आणि तिच्यासमोर तर मी दर आठवड्याला बसून रडते, भलत्याच गोष्टींसाठी. आईला ठाऊक आहे. पण ते मी सांगितलं म्हणून नव्हे, ती तिथे होती म्हणून. मराठीत लिहितेय, कारण माझ्या धंद्यातल्या एकालाही हे वाचता येणार नाही. बघा — कबूल करायला बसले तरी आधी दार लावून घेतलं. मी किती शूर आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी टीव्हीवर काम करते, सिनेमातही. अमेरिकेत जन्मले, न्यू जर्सीत पार्सिपनीला वाढले, आता लॉस एंजेलिसला राहते. तुम्ही मला पाहिलं असेल. नाव आठवणार नाही, चेहरा आठवेल. सुरुवातीची कित्येक वर्षं मी नर्स होते, रिसेप्शनिस्ट होते, लॅबमधली ती बाई होते जी दारातून डोकावून ‘रिझल्ट आलेत’ म्हणते आणि परत जाते. मग सिनेमात हिरॉइनची मैत्रीण. मग माझी स्वतःची मालिका, माझ्या नावाची, माझ्या आयुष्यावरची. ती बरीच वर्षं चालली. आणि माझ्याबद्दल लोकांना एकच गोष्ट माहीत असेल तर ती बर्फाची.

बर्फाची गोष्ट अशी. मी कॉलेजात प्री-मेड करत होते, डॉक्टर व्हायचं म्हणून. एके दिवशी घरी येऊन सांगितलं, मला अॅक्टिंग करायचंय. तर माझे बाबा उठले, माझ्या खोलीत गेले आणि माझे सगळे कपडे खिडकीतून अंगणातल्या बर्फात फेकायला लागले. वरून ओरडतायत — नो डॉक्टर, नो डॉटर! आणि शेजारच्या खिडकीतून आईने काय फेकलं? (इथे मी थांबते.) लोणच्याची बरणी. का? पोरगी घराबाहेर पडली तरी उपाशी राहायला नको. बरणी बर्फात पडली, फुटली नाही. मी सूटकेस आणि लोणचं घेऊन न्यूयॉर्कला गेले. इथे मी पुन्हा थांबते. मग म्हणते, ‘ते लोणचं मला पहिल्या रोलपर्यंत पुरलं.’ इथे लोक टाळ्या वाजवतात. शेकडो वेळा वाजवल्यात.

यातलं काहीही घडलेलं नाही. कपडे नाही, बरणी नाही, ओरडणं तर नाहीच. आमच्या घरात ओरडायची ती मी.

मग काय घडलं होतं? सांगते. थोडं बाबांबद्दल सांगावं लागेल आधी. ते नागपूरचे. तिथे तरुणपणी हौशी नाटकात प्रॉम्प्टर होते — विंगेत उभं राहून, कुणी अडकलं की पुढचा शब्द द्यायचा. अख्खी नाटकं पाठ, सगळ्यांच्या भूमिकांसकट. पण स्वतः कधी स्टेजवर गेले नाहीत. लोकांसमोर उभं राहायची त्यांना भयंकर भीती. एकदा कुणीतरी आजारी पडलं म्हणून त्यांना ढकललं, तर म्हणे एकही वाक्य न बोलता परत विंगेत आले. हे ते स्वतःच हसत सांगायचे. पुढे अमेरिकेत आले, एका औषध कंपनीत डेटाबेस सांभाळायला लागले, आणि दर गणपतीला आमच्या मराठी मंडळाचं मुलांचं नाटक बसवायला लागले. शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये तालमी. धड मराठी न येणारी पोरं, त्यांच्यासाठी संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून द्यायचे. कुणी ‘मी येतो’ ऐवजी ‘मी येते’ म्हणालं तरी चालायचं, फक्त मागच्या रांगेतल्या आजींना ऐकू गेलं पाहिजे. माझं सगळं मराठी त्या बेसमेंटमधलं आहे. माझी सगळी अॅक्टिंगही.

कॉलेज सोडायचं ठरवलं तेव्हा मी घरी आलेच नव्हते. हिंमतच नव्हती. होस्टेलवरून फोन केला आणि रडत बसले. बाबा ऑफिसातून तसेच निघाले, बर्फ पडत होता, गाडी चालवत आले. माझ्या पलंगावर बसून माझे कपडे एकेक करून घड्या घालून बॅगेत भरले. स्वेटर खाली, कुर्ते वर. म्हणाले, ‘केमिस्ट्री मलेही कधी समजली नाही, पोरी. चल.’ आई घरी घाबरून बसली होती, पण तिनेही पोहे करून ठेवले होते. आणि त्यानंतर कित्येक वर्षं बाबांनी सुट्ट्या खर्च केल्या त्या मला न्यूयॉर्कला ऑडिशनला नेण्यात. पोचलो की गाडीतच माझ्यासमोरच्या पात्राची वाक्यं ते वाचायचे. पोलीस, प्रियकर, खुनी, सासू — सगळं तेच. बाहेर गाडीत थांबून राहायचे. मी आले की कसं झालं विचारायचे नाहीत, माझा चेहरा बघायचे आणि कॉफीला न्यायचे.

तर असा बाप. आणि मी त्याचं काय केलं?

टॉक शोला बोलावतात तेव्हा थेट खुर्चीवर नेऊन बसवत नाहीत. दोन-तीन दिवस आधी शोमधली एक प्रोड्युसर फोन करते आणि तुमच्याकडून मजेशीर किस्से काढून घेते. होस्ट जे ‘सहज’ विचारतो ते आधीच ठरलेलं असतं. मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी आनंदाने वेडी झाले होते. तिने विचारलं, पेरेंट्सना अॅक्टिंग चालली? मी म्हटलं, हो, बाबा तर मला ड्राइव्ह करून न्यायचे. ती म्हणाली, ‘ऑ, दॅट्स सो स्वीट.’ आणि गप्प झाली.

ती शांतता तुम्हाला कळणार नाही. नटांना कळते. आपलं काम हातून चाललंय, समोरचा माणूस मनातल्या मनात दुसऱ्या पाहुण्याला फोन लावतोय — ती शांतता. तिने आणखी एकदा हात दिला. म्हणाली, पण इंडियन डॅड म्हणजे डॉक्टरच व्हायला सांगतात ना? आणि मी म्हटलं — अहो, सांगतात काय विचारता! माझ्या बाबांनी तर कपडे बर्फात फेकले.

कुठून आलं ते? मला खरंच माहीत नाही. बोलता बोलता बरणी आली. ती खो खो हसायला लागली आणि मी आणखी सांगत गेले. शोचं शूटिंग भर दुपारी झालं. मी बाबांचा आवाज काढला. त्यांचा नव्हताच तो — बाबांचं इंग्रजी स्वच्छ होतं, थोडं वऱ्हाडी वळण, बस. मी काढला तो आवाज सगळ्या अमेरिकेला आधीपासून ठाऊक असलेल्या इंडियन बापाचा. मान हलवत, बोट नाचवत. लोक लोळले. दुसऱ्या दिवशी ती क्लिप जिकडेतिकडे. महिन्याभरात मला मालिकेसाठी बोलावणं आलं. त्यांना ‘ती बर्फाची गोष्ट’ हवी होती. तो बाप हवा होता.

बाबांचा फोन आला. मी घाबरतच उचलला. तर म्हणाले, ‘बरणीच्या आधी थांबलीस नं, ते भारी होतं. टायमिंग जमलं.’ हो, असंच म्हणाले. मग आईने फोन ओढून घेतला. तिने एवढंच विचारलं, ‘आम्ही कधी फेकले गं तुझे कपडे?’ मी म्हटलं, अगं आई, कॉमेडी आहे ती, सगळेच करतात, इथे कुणी खरं मानत नाही.

मानतात. सगळे मानतात. मुलाखतींत मी तीच गोष्ट सांगितली, पुस्तक लिहिलं त्यात पहिल्याच प्रकरणात टाकली, कॉलेजांतल्या भाषणांत डोळे ओले करून सांगितली. अनेक देशी मुली मला मिठी मारून रडल्या. त्यांचे बाप खरोखर तसे होते. त्यांना मी काय सांगणार होते? की माझा बाप गाडीत बसून सासू व्हायचा? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात म्हणतात. मी तर वासे काढून विकले, आणि गिऱ्हाईक आलं की आणखी काढून दिले.

मालिका चालायला लागली तेव्हा एका चॅनेलला माझ्यावर छोटी फिल्म करायची होती. पार्सिपनीच्या घरी कॅमेरे घेऊन लोक आले. सोफ्यावर बाबा आणि मी शेजारी शेजारी. आई म्हणाली, मी चहा बघते, आणि स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. मी बाबांशी आधी काही बोलले नव्हते. बोलायला हवं होतं ना? पण काय शब्दांत सांगतात ते? बाबा, खोटं बोला? माझ्या जिभेवर आलंच नाही. मी सगळं त्यांच्यावर सोडून दिलं. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, तुम्ही खरंच हिचे कपडे बर्फात फेकलेत?

ते म्हणाले असते, ‘नाही हो,’ तर सगळं तिथेच संपलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि मान हलवत, बोट नाचवत म्हणाले, ‘येस, येस. ऑल क्लोद्ज. आय वॉज व्हेरी अँग्री मॅन.’ तो आवाज त्यांचा नव्हता. मी शोमध्ये काढते तो होता. बाबा माझ्या नकलेची नक्कल करत होते. पुढे म्हणाले, मी मूर्ख होतो, मला माझी मुलगी कळली नाही. डोळ्यांत पाणी आणलं. ज्या माणसाला विंगेतून बाहेर येता येत नव्हतं, तो तिथे कॅमेऱ्यापुढे एकदाही अडखळला नाही. आणि मी काय केलं? त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माफ केल्यासारखा. तो शॉट चॅनेलने फिल्मच्या शेवटी वापरलाय.

ते लोक वायर गुंडाळत होते तेव्हा बाबा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘बरोबर झालं नं? जास्त तं नाही झालं?’

मी म्हटलं, परफेक्ट होतं, बाबा. ते खूश झाले. मला वाटतं, खरंच खूश झाले. याहून वाईट मला काही आठवत नाही — म्हणजे असं मला वाटायचं. पण पुढे आहे.

मंडळात नवी कुटुंबं आली होती, कुणी पुण्याची, कुणी मुंबईची, व्हिसावर आलेली तरुण जोडपी. त्यांना बाबा आधीपासून माहीत नव्हते. माझ्यावरून माहीत होते. बेसमेंटमधल्या तालमीला मुलं कमी यायला लागली. एका पोराने म्हणे विचारलं, काका, मी लाइन विसरलो तर माझं जॅकेट बाहेर फेकणार का? बाबा हसले. मग कमिटीतल्या शुभदाकाकू मिठाईचा डबा घेऊन घरी आल्या आणि फार गोड बोलून गेल्या. की काका, तुम्ही इतकी वर्षं केलंत, आता जरा रेस्ट घ्या. यंग पेरेंट्सना थोडी वेगळी एनर्जी हवी आहे. तुम्हाला माहीतच आहे ना, हल्ली मुलांच्या बाबतीत लोक किती सेन्सिटिव्ह असतात. बाबा म्हणाले, अवश्य, अवश्य. काकूंना गाडीपर्यंत सोडून आले. नाटकातल्या मुखवट्यांचा खोका उचलून त्यांच्याच गाडीत ठेवून दिला.

हे मला आईने फोनवर सांगितलं. आई कधी काही मागत नाही. त्या दिवशी मागितलं. म्हणाली, ‘तू फक्त एकदा कमिटीला फोन कर. टीव्हीवर नको सांगूस. फक्त त्यांना सांग. एवढंच.’ मी म्हटलं, हो आई, करते.

केला नाही. का नाही केला? कारण मालिकेच्या पुढच्या सीझनची बोलणी चालू होती. कारण मंडळातल्या कुणाची तरी मुलगी कुठेतरी पोस्ट टाकणार, आणि मग ते पसरणार — आयुष्याची खरी गोष्ट म्हणून जी विकली ती खोटी. हे मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं. एका पारड्यात माझी मालिका आणि दुसऱ्यात शनिवारची पोरं. विचार करायलाही फार वेळ लागला नाही. भ्यायले, आणि वर स्वतःला सांगितलं की आई उगाच बाऊ करते. आईने परत विचारलं नाही. कधीच नाही. त्या वर्षी गणपतीत बाबा नाटकाला गेले आणि मागच्या रांगेत बसले. आई म्हणते, सगळा वेळ त्यांचे ओठ हलत होते. नाटक नवं होतं, त्यांना पाठही नव्हतं, तरी. पुढच्या वर्षापासून जाणं सोडलं. बेसमेंटमध्ये ट्रेडमिल आणून ठेवली. दर आठवड्याला माझा एपिसोड बघायचे, माझ्या ‘डॅड’चं काम करणाऱ्या नटासाठी मला फोनवर सूचना सांगायचे, मी त्याला पोचवाव्या म्हणून. मी त्या पोचवायचे. नट म्हणायचा, युअर डॅड इज अ हूट — म्हणजे, काय धमाल माणूस आहे.

ते गेले ते अचानक, हार्ट अटॅकने. मी विमानाने पोचेपर्यंत संपलं होतं. फ्युनरल होममध्ये गुरुजींनी विधी केले आणि मग तिथल्या पद्धतीप्रमाणे ज्याला बोलायचं त्याने दोन शब्द बोलायचे. मंडळातले बरेच आले होते. शुभदाकाकू होत्या. लोक जपून बोलत होते. कडक होते पण मनाने चांगले, शेवटी मुलीला समजून घेतलं, असं. मग सई उठली. लहानपणी बाबांच्या नाटकात ससा झालेली ती, आता स्वतः नोकरीला लागलेली. तिने तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं की काका आम्हाला कधीच ओरडले नाहीत, एकदापण नाही, म्हणून मला ते टीव्हीवरचं कधी कळलंच नाही. आणि तिने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. आई पहिल्या रांगेत होती. तिनेही बघितलं.

याहून सोपं कुणी काय करून देणार? पोरीने दार उघडून धरलं होतं. मी उठून उभी राहिले. बाबा समोर होते, हार घातलेले. पुढचा शब्द मला येत होता. ‘सई बरोबर सांगतेय.’ एवढंच म्हणायचं होतं.

मी बर्फाची गोष्ट सांगितली.

पूर्ण सांगितली. आवाज काढून, बोट नाचवून. बरणीच्या आधी थांबले. लोकांना रडता रडता हसू आलं, ‘असे होते बघा काका’ असं कुणीतरी म्हणालं. सई खाली मान घालून बसली. नंतर कितीतरी जणांनी येऊन माझा हात धरला. आईने माझ्याकडे पाहणं तेव्हापासून कमी केलं. बोलते, जेवू घालते, माझ्या घरी राहते आता. पण सून सासूकडे राहावी तसं, जपून.

माझी मुलगी मीरा तेव्हा लहान होती. तिला आजोबा फारसे आठवत नाहीत. तिने त्यांना पाहिलंय ते क्लिपमध्ये, शाळेतल्या मैत्रिणींच्या फोनवर. ‘आय वॉज व्हेरी अँग्री मॅन’ म्हणताना.

परवा बाबांची तिथी होती. आईने पहाटे उठून सगळं केलं, खीर, वडे, भोपळ्याची भाजी. फोटो पुसला, हार घातला, पान वाढलं. नवरा शूटिंगसाठी बाहेरगावी होता, घरात आम्ही तिघीच. आईने मीराला हाक मारली आणि म्हणाली, ये बाळा, आजोबांना नमस्कार कर. मीरा आली, फोटोसमोर उभी राहिली आणि हात मागे बांधून म्हणाली, ‘नो. ही वॉज मीन टू मॉम.’

उद्धटपणा नव्हता त्यात. माझी बाजू घेत होती ती. दहा वर्षांची पोर, आपल्या आईसाठी उभी राहिली. आई माझ्याकडे वळली. कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे सरळ, नीट बघितलं. वाट बघत होती. तिथे कॅमेरा नव्हता. चॅनेल नव्हतं, कमिटी नव्हती. मालिकाही केव्हाच बंद झालीय. घाबरण्यासारखं त्या खोलीत काहीसुद्धा नव्हतं.

मी म्हणाले, ‘इट्स ओके, बेबी. नको करूस.’

मीरा खांदे उडवून वर खेळायला निघून गेली. आईने मग एकटीनेच नमस्कार केला, आणि मी पानं वाढायला घेतली.